टर्बोच्या दाबावर नजर: गाडीत बूस्ट गेज बसवताना

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात हवा किती दाबाने भरली जात आहे, हे दाखवणारे उपकरण म्हणजे बूस्ट गेज. वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान आणि टाकीतले इंधन यांचे काटे डॅशबोर्डवर असतात. टर्बोचा दाब मात्र बहुतेक गाड्यांत कुठेच दिसत नाही. इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, तो क्षणोक्षणी कळत असतो, पण तो चालकाला सांगण्याची सोय कंपनीने केलेली नसते. म्हणून काही गाडीमालक बाजारात मिळणारा गेज वेगळा घेऊन बसवतात. काम दिसायला लहान आहे: एक नळी, एक टी जॉइंट आणि तीन-चार वायरी. मात्र ही नळी थेट इंजिनाच्या हवेच्या मार्गाला जोडायची असते. जोड सैल राहिला तर गेज खोटे आकडे दाखवतोच, शिवाय जो बिघाड त्याने पकडायचा, तोच बिघाड तो स्वतः निर्माण करतो. त्यामुळे काय मोजायचे, कुठे मोजायचे आणि जोड कसा द्यायचा, या तीन गोष्टी हात घालण्याआधी नीट समजून घ्याव्या लागतात.

टर्बो हवा कशी भरतो

सिलिंडरमध्ये जेवढी हवा जाईल तेवढेच इंधन नीट जळते, आणि त्यावर इंजिनाची ताकद ठरते. साध्या इंजिनात पिस्टन खाली सरकला की हवा ओढली जाते. टर्बो असलेल्या इंजिनात ती ढकलून भरली जाते. सायलेन्सरकडे निघालेले तापलेले वायू आधी टर्बाइन नावाच्या चक्रातून जातात आणि ते गरगर फिरवतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसरचे चक्र असते. ते एअर फिल्टरमधून हवा खेचून दाबते. लहान गाड्यांच्या टर्बोत हा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेऊ शकतो. दाबलेली हवा तापते आणि तापली की विरळ होते. म्हणून ती इंटरकूलरमधून फिरवून थंड करतात. पेट्रोल गाडीत तिथून ती हवेची वाट कमीजास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीतून पुढे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये जाते. दाब मर्यादेबाहेर जाऊ लागला की वेस्टगेट ही झडप उघडते आणि काही वायू टर्बाइनला वळसा घालून परस्पर बाहेर निघून जातात.

टर्बोच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये घेतले. जहाजांच्या आणि विमानांच्या इंजिनांत ती आधी रुजली. सर्वसामान्यांच्या मोटारीत टर्बो आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेवरोले कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर या गाड्यांतून. मोंझा स्पायडरच्या डॅशबोर्डवर मॅनिफोल्डमधला दाब दाखवणारा काटा कंपनीनेच दिला होता. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले, दाब सांभाळण्याचे काम ईसीयूकडे गेले आणि चालकासमोरचा हा काटा बहुतेक गाड्यांतून गायब झाला.

भारतात टर्बो घरोघरी पोचला तो डिझेल गाड्यांतून. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेले फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट इंजिन फियाटच्या पुंटो-लिनियात आणि टाटांच्या व्हिस्टा-मांझात बसले. तेच इंजिन मारुतीने परवान्यावर मानेसरला बनवून स्विफ्टमध्ये घातले. अलीकडे एक लिटरच्या आसपासची टर्बो पेट्रोल इंजिनेही सर्रास दिसू लागली आहेत. त्यामुळे बूस्ट गेज आता फक्त शर्यतीच्या गाड्यांपुरती चीज राहिलेली नाही.

गेज नेमके काय मोजतो

समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, म्हणजे १४.७ पीएसआय असतो. बूस्ट गेजचा शून्य म्हणजे हाच बाहेरचा दाब. काटा शून्याच्या पुढे गेला की मॅनिफोल्डमधला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त झाला, म्हणजे टर्बो हवा भरतो आहे. काटा शून्याच्या मागे असेल तर आत दाब कमी आहे, म्हणजे व्हॅक्यूम आहे. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल मिटलेला असताना पिस्टन हवा ओढत राहतात आणि वाट अरुंद असते, म्हणून हा व्हॅक्यूम तयार होतो.

गेजवरची मापे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. पुढची बाजू बहुधा पीएसआय किंवा बारमध्ये असते. एक बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय. पीएसआयच्या गेजवर मागची बाजू मात्र पाऱ्याच्या इंचांत असते. पाऱ्याचे ३० इंच म्हणजे जवळजवळ पूर्ण वातावरणाचा दाब, १४.७ पीएसआय. म्हणजे तबकडीवर मागे ३० आणि पुढे ३० असे आकडे समोरासमोर दिसले, तरी मागचे ३० पुढच्या ३० च्या निम्मेच असतात. मागे वीस आणि पुढे वीस हे सारखेच, असे समजणारा माणूस हमखास फसतो. बारच्या गेजवर हा घोळ नसतो. तिथे उणे एकपासून दोनपर्यंत एकच माप चालते.

गाडी किती उंचीवर आहे, यावरही वाचन बदलते. एखादे पेट्रोल इंजिन नुसते सुरू असताना मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल दाब राखते असे धरू. मुंबईत बाहेरचा दाब १०१, म्हणून फरक ६६ किलोपास्कलचा. गेजवर सुमारे साडेएकोणीस इंच व्हॅक्यूम दिसेल. तीच गाडी १,३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला नेली तर बाहेरचाच दाब ८६ च्या आसपास असतो. फरक ५१ वर येतो आणि गेज पंधरा इंच दाखवतो. इंजिन बिघडलेले नसते, मोजण्याचा शून्य बदललेला असतो. भरलेल्या दाबाचे याच्या उलट होते. ईसीयूने २०० किलोपास्कल एकूण दाब ठरवला असेल तर मुंबईत गेजवर साधारण १४.४ पीएसआय दिसेल, आणि टर्बोला तेवढे झेपले तर महाबळेश्वरला साडेसोळा. घाटमाथ्यावर टर्बो गाड्यांचा दम साध्या गाड्यांइतका जात नाही, त्यामागे हेच गणित आहे. मात्र विरळ हवेतून तोच दाब काढायला टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते, म्हणून फार उंचीवर ईसीयू स्वतःच मर्यादा खाली आणतो.

गेज दाब मोजतो. हवेचे वजन मोजत नाही, हेही तेवढेच महत्त्वाचे. इंटरकूलर तापला असेल तर पंधरा पीएसआयची हवा विरळ असते आणि ताकद कमी मिळते. उलट इंजिनाच्या झडपा आणि हवेचे मार्ग मोठे केले तर जास्त हवा आत जाऊनही दाब कमी दिसू शकतो, कारण अडथळाच कमी झालेला असतो. काटा जास्त पुढे गेला म्हणजे गाडी जास्त ताकदवान झाली, असा सरळ हिशोब त्यामुळे चालत नाही.

तीन प्रकारचे गेज

पहिला प्रकार यांत्रिक गेजचा. मॅनिफोल्डपासून निघालेली नळी थेट गेजच्या पाठीत शिरते. आत चपट्या, बाकदार धातूची बूर्दाँ नळी असते. फ्रेंच अभियंता यूजीन बूर्दाँ याने तिचे पेटंट १८४९ मध्ये घेतले. जत्रेतली कागदी पिपाणी फुंकली की उलगडते, तशी ही नळी आत दाब वाढला की किंचित सरळ होते, दाब घटला की आवळते. तिच्या टोकाची ही हालचाल बारीक दात्यांमार्फत काट्यापर्यंत पोचते. या गेजला वीज लागते ती फक्त तबकडीच्या दिव्यासाठी. काटा चटकन हलतो, यंत्रणा साधी असते आणि किंमतही कमी असते. उणी बाजू अशी की दाबाची नळी केबिनमध्ये आणावी लागते.

दुसरा प्रकार सेन्सरवर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक गेजचा. यात सेन्सर इंजिनाच्या बाजूला राहतो, त्याला लहानशी नळी जोडतात, आणि केबिनमध्ये फक्त वायर येते. सेन्सरला बहुधा तीन तारा असतात: पाच व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि दाबानुसार कमीजास्त होणारा सिग्नल. काटा छोट्या स्टेपर मोटरने फिरतो. गाठलेला कमाल दाब लक्षात ठेवणे, ठरावीक दाबाच्या पुढे दिवा लावणे अशा सोयी यात मिळतात.

तिसरा मार्ग म्हणजे गाडीच्या ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे बिघाड तपासण्याचे उपकरण जिथे जोडतात त्या सॉकेटमधून, माहिती घेणारा डिजिटल गेज. यात नळी कापावी लागत नाही. ईसीयूकडे असलेलाच दाब तो वाचतो आणि त्यातून वातावरणाचा दाब वजा करून दाखवतो. जोडकाम नको असलेल्यांना हा मार्ग सर्वांत सोपा. मर्यादा दोन आहेत. माहिती टप्प्याटप्प्याने येते, म्हणून क्षणभराची उसळी निसटू शकते. दुसरे म्हणजे ओबीडीच्या मूळ मानक आकड्यात दाब २५५ किलोपास्कलपर्यंतच सांगता येतो. समुद्रसपाटीला त्याचा अर्थ साधारण २२ पीएसआय बूस्ट. त्यापुढचे वाचायचे असेल तर त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेले उपकरण लागते.

गेज कुठे बसवावा

बाजारात मिळणारे गेज मुख्यतः ५२ आणि ६० मिलिमीटर व्यासाचे असतात. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकचे पॉड मिळतात: डॅशबोर्डवर ठेवायचे, स्टीअरिंगच्या मागे बसणारे, एसीच्या जाळीत घुसवायचे किंवा समोरच्या काचेलगतच्या खांबावर, म्हणजे ए-पिलरवर, लावायचे. नजर रस्त्यावरून फारशी न हलवता काटा दिसावा आणि समोरचा रस्ता झाकला जाऊ नये, या दोन अटींवर जागा निवडतात.

ए-पिलरचा मोह सर्वांना होतो, पण कर्टन एअरबॅग असलेल्या गाडीत ही जागा टाळणेच योग्य. छताच्या कडेला घडी करून ठेवलेली एअरबॅग या खांबापर्यंत आलेली असते. तिथे पॉड चिकटवला किंवा स्क्रू मारला तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग नीट उघडणार नाही, किंवा पॉडच सुटून प्रवाशाच्या अंगावर येईल. डॅशबोर्डवर प्रवाशासमोर ज्या भागाखाली एअरबॅग असते, तो भागही मोकळाच ठेवावा लागतो. एअरबॅगची वायर आणि कनेक्टर बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. त्यांना हात लावायचा नाही, हा या कामातला पहिला नियम.

नळी कुठून काढायची

सगळ्या कामाचा कस इथे लागतो. पेट्रोल गाडीत दाब थ्रॉटल बॉडीच्या पुढे, प्रत्यक्ष मॅनिफोल्डमधून घ्यायचा असतो. थ्रॉटलच्या अलीकडे, इंटरकूलरच्या पाइपवर जोड दिला तर टर्बोने तयार केलेला दाब दिसेल, पण इंजिनापर्यंत पोचलेला दाब आणि व्हॅक्यूम दिसणार नाही.

मॅनिफोल्डवरून निघणाऱ्या नळ्या अनेक असल्या तरी सगळ्या सारख्या नसतात. ब्रेक बूस्टरच्या नळीत एकतर्फी झडप असते. तिच्या पलीकडे टी टाकला तर गेजला बूस्ट दिसतच नाही, आणि जोड गळला तर ब्रेकचे पेडल कडक होते. म्हणून या नळीला हात लावायचा नाही. वेस्टगेट उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरकडे जाणारी नळीही वर्ज्य. तिथे गळती झाली तर वेस्टगेटला खरा दाब कळत नाही, ते वेळेवर उघडत नाही आणि बूस्ट मर्यादेबाहेर जातो. क्रँककेसची वाफ परत आणणाऱ्या नळीत तेलाचा अंश असतो, तो गेजमध्ये उतरतो. जुन्या इंजिनांत इंधनदाब नियंत्रकाच्या नळीवर टी टाकण्याची पद्धत होती. पण तिथली गळती इंधनाचा हिशोब बिघडवते, त्यामुळे दुसरी सोय असेल तर ती वापरणे बरे. थ्रॉटल मिटताच अडलेली हवा सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हकडे जाणारी मॅनिफोल्डची नळी चालते, फक्त व्हॉल्व्ह उघडताना काटा थरथरू शकतो.

नव्या गाड्यांत बऱ्याचदा अशी मोकळी नळी सापडतच नाही, कारण दाबाचा सेन्सर मॅनिफोल्डमध्ये थेट खोवलेला असतो. अशा वेळी बूस्ट टॅप वापरतात. सेन्सर काढून त्याखाली धातूचा एक जाड तुकडा बसवायचा, त्याच्या बाजूला नळीसाठी लहान तोटी असते, आणि वर सेन्सर परत लावायचा. हा तुकडा त्या विशिष्ट इंजिनासाठीच बनवलेला असावा लागतो. सेन्सर नीट बसला नाही किंवा ओ-रिंग चिरली तर गळती थेट ईसीयूच्या मोजमापात शिरते.

डिझेल गाडीची गोष्ट वेगळी आहे. डिझेल इंजिनाची ताकद हवा रोखून नव्हे, इंधन कमीजास्त करून सांभाळतात. त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही. ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. अशा गाडीत इंजिन नुसते सुरू असताना काटा शून्याजवळच राहतो आणि ते बरोबर असते. डिझेलसाठी इंटरकूलरच्या पुढच्या पाइपवरून किंवा मॅनिफोल्डवरून दाब घेतात. व्हॅक्यूम पंपाकडे जाणाऱ्या नळीला टी टाकण्याची चूक नवखे लोक करतात. मग गेज कायम व्हॅक्यूमच दाखवत राहतो.

प्रत्यक्ष बसवणे

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर काम सुरू करतात. टर्बाइनचा भाग गाडी पळवून आणल्यावर बराच वेळ भाजण्याइतका गरम राहतो. दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवायची आणि एअरबॅगच्या यंत्रणेतली साठलेली वीज उतरावी म्हणून काही मिनिटे थांबायचे. काही गाड्यांत बॅटरी जोडल्यावर स्टिरिओचा कोड किंवा पॉवर विंडोची सेटिंग पुन्हा करावी लागते, याची माहिती आधीच पुस्तिकेत पाहून ठेवलेली बरी.

निवडलेली नळी धारदार ब्लेडने सरळ कापायची. तिरका काप दिला की टीवर तोंड नीट बसत नाही. टीच्या तोट्यांचा व्यास नळीच्या आतल्या व्यासाइतकाच किंवा किंचित जास्त असावा. सहज सरकून बसणारा जोड पहिल्या पूर्ण बूस्टला उडून जाऊ शकतो, कारण ही नळी कधी आत ओढली जाते, कधी बाहेर फुगवली जाते. प्रत्येक जोडावर योग्य मापाची क्लिप लावतात. लहान नळीवर केबल टायही चालतो, पण तो इतका आवळायचा नाही की रबर चिरेल. गेजकडे जाणारी नळी व्हॅक्यूमसाठी बनवलेली, जाड भिंतीची असावी. पातळ नळी व्हॅक्यूममध्ये मिटते आणि काटा अडकल्यासारखा वागतो. गेजसोबत बऱ्याचदा बारीक भोकाचा रेस्ट्रिक्टर मिळतो. तो नळीत घातला की प्रत्येक पिस्टनच्या ओढीबरोबर होणारी काट्याची थरथर थांबते.

पुढचा टप्पा फायरवॉल ओलांडण्याचा, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यातली पत्र्याची भिंत पार करण्याचा. नवीन भोक पाडण्यापेक्षा वायरिंगचा जुडगा जिथून आत येतो त्या रबरी ग्रोमेटचा उपयोग करतात. ग्रोमेटला लहानशी चीर द्यायची, जाड तारेला नळीचे किंवा वायरचे टोक टेपने बांधून ती आत ढकलायची आणि डॅशबोर्डखालून ओढून घ्यायची. मूळ वायरींना टोक लागणार नाही, याची काळजी घ्यावी लागते. उघड्या पत्र्याच्या कडेवरून नळी कधीच नेऊ नये. गाडीच्या कंपनाने ती काही महिन्यांत कापली जाते. चिरेतून पावसाचे पाणी आत झिरपू नये म्हणून शेवटी तिथे सिलिकॉन सीलंट भरतात. कोकणात किंवा मुंबईत चालणाऱ्या गाडीत हे राहून गेले तर पहिल्याच पावसाळ्यात पायाखालचा कार्पेट ओला होतो.

इंजिनाच्या बाजूला नळी टर्बो, सायलेन्सरचा पाइप, पट्टे आणि पंख्यापासून लांब ठेवायची. केबिनमध्ये ती पेडल आणि स्टीअरिंगच्या दांड्याला लागणार नाही अशी बांधायची. वळणे गोलसर हवीत. एका ठिकाणी जरी नळी मुडपली तरी दाब उशिरा पोचतो.

विजेची जोडणी

यांत्रिक गेजला दिव्यापुरत्या दोन वायरी पुरतात. इलेक्ट्रॉनिक गेजला साधारण चार लागतात: कायम चालू असलेला बारा व्होल्टचा पुरवठा, चावी फिरवल्यावर येणारा पुरवठा, हेडलाइटबरोबर तबकडी उजळावी यासाठी लाइटची वायर आणि अर्थ. कोणती वायर कोणत्या कामाची हे रंगावरून ठरवू नये. मल्टिमीटर लावून, चावी चालू-बंद करून खात्री करावी लागते.

पुरवठा घेण्याची स्वच्छ पद्धत म्हणजे फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप लावणे. मूळ फ्यूज जिथून काढला तिथे टॅप बसतो, मूळ फ्यूज त्यातच राहतो आणि गेजसाठी कमी अँपिअरचा वेगळा फ्यूज मिळतो. एअरबॅग, एबीएस किंवा ईसीयूच्या फ्यूजवरून पुरवठा घ्यायचा नाही. स्टिरिओ किंवा चार्जिंग सॉकेटची जागा घ्यावी. मूळ वायर सोलून तिच्यावर नवी वायर पिळायची आणि चिकटपट्टी गुंडाळायची, हा आपल्याकडचा सोपा मार्ग कडक उन्हाळ्यात दगा देतो: टेपचा गोंद वितळतो, जोड उघडा पडतो. क्रिंप केलेला किंवा डाग देऊन वर हीट श्रिंक चढवलेला जोड टिकतो. अर्थ मात्र रंग खरवडलेल्या पत्र्यावर किंवा कंपनीच्या मूळ अर्थ बोल्टवरच घ्यायचा. अर्थ कच्चा असेल तर इलेक्ट्रॉनिक गेजचा काटा हेडलाइट किंवा एसी लावला की हलतो.

तपासणी

बॅटरी जोडून चावी फिरवली आणि इंजिन अजून बंदच असेल, तेव्हा काटा शून्यावर हवा. मग इंजिन सुरू करून फेरे स्थिर होऊ द्यायचे. समुद्रसपाटीजवळ सुस्थितीतले टर्बो पेट्रोल इंजिन साधारण १८ ते २२ इंच व्हॅक्यूम दाखवते. फेरे वरखाली होत असतील, सुसकाऱ्यासारखा आवाज येत असेल किंवा इंजिनाचा दिवा लागला असेल तर गळती आहे. ती गेजच्या बाजूला आहे की आधीपासूनच होती, हे ओळखण्याची युक्ती सोपी आहे. टीजवळ गेजची नळी कापड गुंडाळलेल्या पकडीने हलकेच दाबून धरायची. फेरे लगेच स्थिरावले तर गळती गेजकडे जाणाऱ्या नळीत आहे; फरक पडला नाही तर टीच्या जोडात किंवा इंजिनात इतरत्र शोधावी लागते.

चाचणीची फेरी मोकळ्या रस्त्यावर घेतात, आणि काटा वाचण्याचे काम शेजारी बसलेल्याने करायचे असते. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांच्या आसपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की काटा व्हॅक्यूममधून शून्य ओलांडून वर चढतो, ठरावीक दाबावर थांबतो आणि जास्त फेऱ्यांना थोडा खाली येतो. लहान पेट्रोल गाड्यांत हा कमाल दाब गाडीगणिक साधारण दहा ते वीस पीएसआयच्या दरम्यान असतो. नेमका आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेवरूनच घ्यावा. घरी परतल्यावर बोनेट उघडून सगळे जोड हाताने तपासतात, कारण पहिला पूर्ण बूस्टच सैल जोड उघडा पाडतो.

काटा काय सांगतो

गेजचा खरा उपयोग रोजचे वाचन ठाऊक झाल्यावर होतो. नेहमी चौदा पीएसआयला पोचणारा काटा आठवर थांबू लागला तर इंटरकूलरचा पाइप फाटला असेल, क्लिप सैल झाली असेल किंवा वेस्टगेट उघडेच अडकले असेल. डिझेल गाडीत त्याबरोबर काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज आला तर पाइप फाटल्याची शक्यता मोठी. काटा नेहमीपेक्षा वर जाऊन गाडी एकदम झटका देऊन ढिली पडत असेल तर बूस्ट अनावर होत आहे आणि ईसीयू इंधन तोडून इंजिन वाचवत आहे, असा अर्थ निघतो. अ‍ॅक्च्युएटरची निसटलेली नळी हे त्याचे नेहमीचे कारण. पाती फिरवून दाब सांभाळणारा व्हेरिएबल टर्बो असेल तर काजळीने पाती अडकूनही हाच प्रकार होतो. मल्टिजेटच्या ९० अश्वशक्तीच्या आवृत्तीत असा टर्बो होता, ७५ च्या आवृत्तीत नव्हता. म्हणजे एकाच इंजिनाच्या दोन गाड्यांचे वाचन जुळवून पाहणेही चुकीचे ठरू शकते.

पेट्रोल गाडीत बूस्ट ठीक, पण आयडलिंगचा व्हॅक्यूम हळूहळू कमी होत गेला, तर मॅनिफोल्डची पॅकिंग, एखादी तडकलेली नळी किंवा झडपांची बैठक तपासावी लागते. काटा एका लयीत ठरावीक अंतराने झटका खात असेल तर एखाद्या सिलिंडरची झडप नीट बसत नसल्याची ती खूण असते. कडक उन्हात दाब दोन-तीन पीएसआय कमी दिसला तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. आत येणारी हवा फार तापली की ईसीयूच बूस्ट उतरवतो.

चालवण्याची सवयही या काट्यावरून तपासता येते. महामार्गावर एकसारख्या वेगाने जाताना पेट्रोल गाडीचा काटा व्हॅक्यूममध्ये राहिला तर इंजिनावर भार कमी आणि इंधनाची बचत. लांब चढ बूस्टमध्ये चढून आल्यावर लगेच इंजिन बंद न करता मिनिटभर तसेच सुरू ठेवले, तर टर्बोच्या बेअरिंगमधले तेल जळत नाही.

कायदा, वॉरंटी आणि देखभाल

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापासून बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. दाब नुसता दाखवणारा गेज इंजिन, रंग, आसने किंवा इंधन यांपैकी काहीच बदलत नाही. बूस्ट वाढवणारे कंट्रोलर किंवा ईसीयूचे रीमॅपिंग ही वेगळी गोष्ट आहे. त्याने इंजिनाची ताकद आणि धुराचे प्रमाण बदलते. वॉरंटीचा प्रश्न मात्र गेजलाही लागू होतो. कापलेली नळी किंवा जोडलेली वायर दिसली की संबंधित बिघाडाचा दावा नाकारायला कंपनीला कारण मिळते. वॉरंटीतल्या गाडीसाठी ओबीडीचा गेज त्यामुळे जास्त सोयीचा.

बसवलेल्या गेजला फारशी देखभाल लागत नाही, पण नळीला लागते. इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होते, टोकाला भेगा पडतात आणि जोड सैल होतो. दर सर्व्हिसिंगला टीजवळची नळी वाकवून पाहायची आणि टोक तडकलेले दिसले तर तेवढा भाग कापून पुन्हा बसवायचा किंवा नळी बदलायची. गाडी विकताना गेज काढायचा असेल, तर टी काढून मूळ नळी पूर्ण लांबीची नवी टाकतात आणि बूस्ट टॅप काढून सेन्सर नव्या ओ-रिंगसह जागेवर लावतात. टीचे मोकळे तोंड नुसते बूच मारून तसेच ठेवले, तर ते कधी ना कधी निसटते.